दोन आण्यांचं पाहणं

आमच्या म्युझियममध्ये शिरणं सोपं होतं, बाहेर पडणं अवघड. आत जायला दोन आणे पुरत. बाहेर पडताना मात्र दाराशी लाकडी खुर्चीवर म्युझियमचे प्रमुख, आमचे साहेब, बसलेले असत, गुडघ्यांमध्ये मिटलेली छत्री धरून, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "काय पाहिलंत?"

"छान आहे हो सगळं" म्हणणारा हमखास सापडायचा. साहेब छत्री आडवी धरून दार अडवायचे. छान काय, ते सांगा. तलवारी, म्हणायचा तो. किती? कुठल्या भिंतीवर? मुठी कशा होत्या? माणूस टोपी सारखी करू लागायचा. "तुम्ही दोन आणे दिलेत आणि पाहिलंत दोन पैशांचं. उरलेलं पाहून या. मी आहे इथं." मग तो बिचारा, शरमेनं म्हणा नाहीतर रागानं म्हणा, पुन्हा आत जायचा. बाजारादिवशी अशी चार-सहा माणसं आत घुटमळत असायची आणि बाहेर त्यांच्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन खोळंबलेल्या असायच्या.

मी तिथं चिठ्ठ्या लिहायला होतो. वस्तूच्या खाली तिचं नाव आणि माहिती लिहिलेली चिठ्ठी लावतात, त्या. अक्षर बरं एवढ्या एका भांडवलावर मला ही नोकरी लागली होती. तिकिटंही मीच फाडायचो. लग्न झालेलं, घरात एक तान्हं पोर, दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. म्हणून लढाईची सगळी वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काढली. त्या वर्षांत मनातल्या मनात मी त्यांना किती शिव्या घातल्या असतील याची मोजदाद नाही. आज त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे ते काही त्यांची आरती करायला नाही. एक गोष्ट आहे, ती माझ्या घशात अडकून राहिली आहे.

संस्थान तळहाताएवढं. साताऱ्याहून सांगलीकडे येताना वाटेत लागायचं आणि मोटारीत डुलकी लागली असली तर लागलेलं कळायचंही नाही. राजेसाहेबांच्या वडिलांनी जुन्या पागेची तीन दालनं करून त्यांत घराण्यातलं जुनंपुराणं मांडलं होतं. पहिल्यात हत्यारं, दुसऱ्यात तसबिरी आणि बंद पडलेली घड्याळं, तिसऱ्यात भुसा भरलेला वाघ. वाघाचा एक काचेचा डोळा कधीतरी निखळून हरवला, तिथं कुणीतरी हिरवी गोटी बसवली होती. त्यामुळे एका बाजूनं तो वाघ रागावलेला दिसायचा आणि दुसऱ्या बाजूनं रडकुंडीला आलेला. खेड्यातली माणसं या सगळ्याला अजबखाना म्हणत. साहेबांना तो शब्द चालायचा. 'वस्तुसंग्रहालय' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक ढाल बघून होते, असं त्यांचं म्हणणं.

साहेब अंगानं काटकुळे. बाराही महिने काळा कोट, आणि कोटाच्या खिशात वाकलेल्या टाचण्या, दोऱ्याची गुंडी, भिंग आणि खडू. बायको जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सकाळी कुलूप काढलं की ते आधी दारात उभे राहून नाकानं दीर्घ श्वास घ्यायचे. "तसबिरीला ओल आली आहे, तिसरी," म्हणायचे, आणि तिसऱ्या तसबिरीमागे खरोखरच भिंत दमट निघायची. कबुतर दिसलं की हे टाळ्या वाजवत सगळ्या दालनांतून धावायचे. पाहुणे थक्क होऊन वाघ सोडून यांच्याकडेच बघत राहायचे.

त्यांचं खरं वैर उन्हाशी. खिडक्यांना गोणपाटाचे दुहेरी पडदे होते, तरी कुठल्या तरी फटीतून कवडसा यायचाच. तो जमिनीवर जिथपर्यंत पोचेल तिथं साहेब खडूनं रेघ मारायचे आणि शेजारी तिथी लिहायचे. आमच्या फरशीवर अशा रेघांची जाळी झाली होती. "चोर पावलं वाजवत तरी येतो," ते म्हणायचे. "ऊन येतं आणि रंग उचलून नेतं, कुणाला पत्ता नाही."

दुसरा त्यांचा नियम, वस्तूला हात फक्त त्यांचा. झाडूवाल्यानं झाडायचं, मी लिहायचं, पण भिंतीवरचं काही हलवायचं तर साहेबांनीच. एकदा वाकडी झालेली एक तसबीर मी एका बोटानं सरळ केली. साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काय सांगायचं ते कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि मी वाचेपर्यंत शेजारी उभे राहायचे. त्यानंतर मी त्या इमारतीत हात खिशात घालूनच वावरलो.

त्या दाराशी बसण्याचं मूळ दोन आण्यांत होतं. आधी तिकीट एक आणा होतं. लढाई सुरू झाली, महागाई आली आणि दरबारनं ते दुप्पट केलं. कारभाऱ्यांचं म्हणणं, गावातले चार रिकामटेकडे सोडले तर माणूस इथं वर्षातून एकदा येतो, कुणी जन्मातून एकदा. त्याला दोन आणे काय जड आहेत? साहेबांनी लांबलचक अर्ज लिहिला. मीच त्याची सुवाच्य नक्कल केली म्हणून तो अजून आठवतो. नेहमी येणारा आज तलवारी बघेल, उद्या घड्याळं बघेल. त्याचे पैसे वसूल होतात. जो एकदाच येतो तो दारातून आत शिरून डोळे अंधाराला सरावेपर्यंत निम्मा वेळ घालवतो, आणि पैसे मात्र तेवढेच देतो. म्हणजे जो सगळ्यांत कमी नेतो त्याच्याकडून आपण सगळ्यांत जास्त घेतो. दरबारातून उत्तर आलं, अर्ज दप्तरी दाखल. तिसऱ्या दिवशी साहेबांनी खुर्ची उचलून दाराशी मांडली. दर कमी होत नसेल तर मालाची भरती वाढवायची, असा त्यांचा हिशेब. दोन आणे घेतलेत ना, मग दोन आण्यांचं दिल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही.

कारभाऱ्यांचे एक पाहुणे, बडे अंमलदार, मडमेसारख्या नटलेल्या बायकोला घेऊन आले आणि दहा मिनिटांत बाहेर पडू लागले. सात तलवारींच्या त्यांनी सहा सांगितल्या. साहेबांनी त्यांनाही माघारी धाडलं. "एक राहिली आहे आपली," म्हणाले. त्या महिन्यात साहेबांना दरबारातून बोलावणं आलं आणि त्यांची पगारवाढ रोखली गेली; त्या वर्षी त्यांचा जुनाच कोट उलटून शिवला गेला, नवा झाला नाही.

पुन्हा अर्ज करून एक सवलत मात्र त्यांनी पदरात पाडून घेतली होती. वस्तूविषयी नवी माहिती देईल त्याचं तिकीट माफ. एका माहितीला एकदा. तिचा पहिला मानकरी गावातला लोहार. पहिल्या दालनात एका हत्याराखाली 'पूर्वजांनी रणांगणी वापरलेली कुऱ्हाड' अशी चिठ्ठी होती. लोहार बाहेर येऊन म्हणाला, "आवं सायेब, त्यो उसाचा कोयता हाय. माझ्या आज्यानं असलं लय घडीवल्यात. मुठीपाशी त्येची खूण बी हाय." साहेबांनी भिंग काढलं, खूण बघितली, लोहाराच्या हातावर त्याचे दोन आणे परत ठेवले आणि मला नवी चिठ्ठी लिहायला लावली. कोयता, उसाचा. राजेसाहेब चिडले, कारभारी चिडले, पण चिठ्ठी बदलली नाही. खोटं म्हणून एक अक्षर त्या भिंतींवर राहू द्यायचं नाही, हे त्यांचं व्रत होतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यांचा शेवट आत्ताच सांगून टाकतो. संस्थान गेलं, म्युझियमला कुलूप लागलं, चांगल्या वस्तू गाड्यांतून कुठेकुठे गेल्या. साहेब साताऱ्याला एका देवळामागच्या खोलीत राहायला गेले आणि वर्षाच्या आत वारले. मला पंधरा दिवसांनी कळलं. मरताना जवळ कोण होतं, ते काय म्हणाले, मला माहीत नाही. मी जाऊ शकलो असतो, गेलो नव्हतो.

आता ती बाई.

लढाईत भरतीवाले आमच्या गावात तळ देऊन बसले होते. पूर्वेकडून, म्हसवडच्या बाजूच्या कोरड्या मुलखातून, पोरं चालत यायची आणि नाव नोंदवायची. राजेसाहेबांना सरकारला दाखवायला काहीतरी हवं होतं. त्यांनी एका तुकडीचा आमच्या पायऱ्यांवर फोटो काढवला, चांगला हातभर रुंदीचा, आणि वाघाच्या समोरच्या भिंतीवर लावायला पाठवला. साहेबांनी तो भिंगातून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "घाईत धुतलाय. कड आत्ताच पिवळी पडली आहे." चिठ्ठी मी लिहिली. लढाईवर निघालेले जवान. नावं कुणी कळवलीच नव्हती.

दिवाळी होऊन गेली होती. एका बाजारादिवशी एक धनगर बाई चपला बाहेर काढून माझ्या टेबलासमोर उभी राहिली. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, वय सांगता येऊ नये असं रापलेलं तोंड. पदराची गाठ सोडून तिनं एक चवली काढली. दोन आण्याचं ते चौकोनी नाणं तिनं इतकं घट्ट धरलं होतं की टेबलावर ठेवल्यावर तिच्या बोटावर त्याचा ठसा दिसत होता. एवढ्या पैशांसाठी बाईमाणूस तेव्हा निम्मा दिवस राबायचं.

"हितं माझं प्वार हाय म्हनं," ती म्हणाली.

मला वाटलं कुणी गडी शोधते आहे. "कोण पोर?"

"म्हाकू. फोटूत हाय. पलटनीत गेल्याला."

ती आत गेली ती तास झाला तरी येईना. आली तेव्हा साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "काय पाहिलंत?"

"माझं प्वार."

"आणि?"

"आनी काय न्हाई."

"वाघ पाहिलात ना?"

"कुटं व्हता वाघ?" ती म्हणाली. फोटोसमोर ती उभी होती तेव्हा वाघ तिच्या पाठीला लागून होता.

साहेबांची छत्री आडवी झाली. "बाई, तुम्ही दोन आणे दिलेत. तीन दालनं आहेत. पाहून या." ती मुकाट आत गेली आणि थोड्या वेळानं परत आली. काय पाहिलंत, तर म्हणाली, "प्वारच बगितलं परत." मला हसू आलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी तिला पायरीवर बसायला सांगितलं आणि स्वतः तिच्याशेजारी खाली बसले. त्यांना जमिनीवर बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिचं कुटुंब मेंढरं घेऊन दरसाल आमच्या बाजूला उतरायचं. दिवाळीनंतर तीन महिने इथल्या मळ्यांत मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात मळेवाल्यांकडून धान्य घ्यायचं, मग पश्चिमेला सरकायचं आणि पाऊस लागताना त्याच वाटेनं माघारी. अशाच एका मुक्कामावरून म्हाकू भरतीवाल्यांबरोबर निघून गेला होता. ब्रह्मदेशाकडे गेला. मग एक कागद आला.

"वाचनारा म्हनला, घावला न्हाई. मेला असं बी न्हाई म्हनत, हाय असं बी न्हाई म्हनत." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "घरात त्येचा फोटू न्हाई. आन् सायेब, आता मला त्येचं त्वांड आटवंना झालंय. हनुवटी येती डोळ्याम्होरं, कपाळ येतं. नाक येत न्हाई. लय भ्या वाटलं. म्हनून आले."

साहेबांनी मला हाक मारली. फोटोत तो कुठे आहे ते तिनं दाखवलं: तिसरी रांग, डावीकडचं टोक, टोपी जरा कानावर आलेला पोरगा. मी चिठ्ठीवर त्याचं नाव चढवलं आणि साहेबांनी नवी माहिती मिळाली म्हणून तिची चवली तिला परत दिली. पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा तिनं मागच्या रांगेतला दुसरा एक पोरगा ओळखला. पुन्हा चवली परत. तिसऱ्या खेपेला तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका माहितीला एकदा, हा नियम साहेबांनी स्वतःच मागून घेतलेला. ती चवली देऊन गेली. साहेब दिवसभर माझ्यावर खेकसत होते.

"एका चेहऱ्याला दोन आणे! राजेसाहेबांच्या तसबिरीलासुद्धा एवढा दर नाही."

ते स्वतःच्या खिशातून तिचं तिकीट काढायला निघाले, पण ती ऐकेना. "माझ्या पोराला बगायला दुसऱ्याचं पैकं कशापायी?" फोटोची दुसरी प्रत मिळावी म्हणून त्यांनी फोटोग्राफरला पुण्याच्या पत्त्यावर दोन पत्रं लिहिली. दुसरं पत्र, मालक सापडत नाही, असा शेरा होऊन परत आलं. मग एके दिवशी चहा पिता पिता ते कपबशी खाली ठेवून उठले. "व्हरांड्याला तिकीट नाही!" म्हणाले.

उत्तरेच्या अंगाला आमच्या इमारतीला पत्र्याचा व्हरांडा होता, पश्चिमेच्या टोकाला उघडा. तिथं रस्त्यावरचा कुणीही येऊन टेकायचा. साहेब आठ दिवस त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले, सकाळी कुलूप उघडल्यापासून संध्याकाळी लावेपर्यंत, हातात खडू घेऊन. भिंतीवर एकही रेघ पडली नाही. "उत्तरेची भिंत," ते म्हणाले. "इथं ऊन येतच नाही." त्यांनी स्वतः खिळा मारला आणि स्वतःच्या हातानं फोटो तिथं टांगला.

पुढच्या बाजाराला बाई आली, सवयीनं पदराच्या गाठीला हात घातला. साहेबांनी मान हलवून तिला व्हरांड्यात नेलं. ती फोटोसमोर बसली, भाकरी सोडून तिथंच खाल्ली, आणि उठताना तिनं काचेवर बोट ठेवलं, नाकावर. मी साहेबांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. अशी ती पाच वेळा आली, फुकट. सहाव्या वेळी दारातूनच निरोप घ्यायला आली, मेंढरं पश्चिमेला निघाली होती.

"येते सायेब. मिरगाला माघारी यीन. संबाळा त्येला."

"इथं त्याला कुणी हात लावणार नाही," साहेब म्हणाले.

साहेबांची छाती नाजूक होती. दरवर्षी एप्रिल संपत आला की ते पाचगणीला बहिणीकडे जायचे आणि जून लागला की यायचे. म्हणजे इतकी वर्षं या इमारतीत काढून मे महिन्यातली इमारत त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मी पाहिली होती. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य डोक्यावरून उत्तरेला कलतो आणि मावळतीकडे त्याची किरणं उत्तरेच्या भिंतीवर तिरपी येतात. थंडीत आठ दिवस काय, आठ महिने बसलं असतं तरी ते दिसलं नसतं.

ते गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी कुलूप लावत होतो. व्हरांड्याच्या उघड्या टोकातून ऊन आत आलं होतं आणि भिंतीला घासत थेट फोटोवर पडलं होतं. वर पत्रा तापलेला. मी थांबलो. ते मी बघितलं, आणि काय होणार तेही मला कळत होतं. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर काढल्यावर कुणालाही कळलं असतं. फोटो उतरवून आत ठेवायला दोन मिनिटं लागली असती. पाचगणीला एक कार्ड टाकायला तीन पैसे लागले असते. पण वस्तूला हात फक्त त्यांचा. आणि खरं सांगायचं तर जायच्या आदल्या दिवशी त्यांनी चार पाहुण्यांसमोर माझ्याकडून एक चिठ्ठी अकरा वेळा लिहून घेतली होती, 'ढाल' मधला ढ पोट सुटलेला दिसतो म्हणून. माझ्या मनात आलं, पडू दे ऊन. त्यांचा फोटो, त्यांचा खिळा, ते बघून घेतील. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, तिसऱ्या दिवशी बघितलं. मग मी कुलूप लावताना त्या बाजूला मान वळवायचं सोडून दिलं. मला आजही याची लाज वाटते.

जूनमध्ये साहेब आले ते मोटारीतून उतरून सामानासकट आधी व्हरांड्यात गेले. मी मागे जाऊन उभा राहिलो. घाईत धुतलेला कागद, त्याला काय टिकायचं होतं? उजवीकडची पोरं पिवळट, पण ओळखू येत होती. डावीकडे सगळं पुसत गेलेलं, आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला टोपीची एक फिकट कड, तिच्याखाली काही नाही. साहेबांनी भिंग काढलं, बघितलं, पुन्हा बघितलं.

"कधीपासून येत होतं?"

"आपण गेल्यावर लगेच."

"रोज?"

"रोज."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं," मी म्हणालो.

ते रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "बरोबर आहे. हात फक्त माझा," आणि खिशातून खडू काढून तिथंच खाली टाकला. फोटो मात्र त्यांनी तसाच राहू दिला. तिला न दाखवता हलवणं त्यांना लबाडी वाटली असावी.

मृगाचा आठवडा उलटला आणि ती आली. घोंगड्याची खोळ डोक्यावर, पाय चिखलानं भरलेले. सवयीनं ती सरळ व्हरांड्यात गेली. आम्ही दोघं दारात उभे. तिनं बघितलं, बाजूला सरून बघितलं, मग पदरानं काच पुसू लागली. बराच वेळ पुसत होती.

"सायेब, काच मळलीया. धुवाय पायजे."

"काच स्वच्छ आहे, बाई."

"मग?"

"ऊन लागलं. मी इथं लावला ती माझी चूक झाली. मला वाटलं होतं इथं ऊन येत नाही."

ऊन लागून माणूस कसा जाईल, हे बाईला पटलेलं दिसेना. तिचा जन्म उन्हात गेला होता. ती काचेकडे बघत राहिली, मग तिनं आमच्या दाराकडे बघितलं, आतल्या अंधाराकडे. आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"आत व्हता तवा दिसत व्हता," ती म्हणाली. "मी चवली देत व्हते तवा दिसत व्हता. फुकाट बगाय लागले तवापासनं गेला." तिनं पदराची गाठ सोडली. "चुकलं माझं. मदल्या खेपांचं बी घ्या. आत लावा त्येला."

पाच खेपांच्या पाच आणि आजची एक. सहा चवल्या तिनं टेबलावर एकेक करून ठेवल्या. ती वर्षाची शिल्लक असणार. आता साहेब तिला समजावतील, असं मला वाटलं. फोटोचा कागद, मसाला, एकदा गेलं ते कधी परत येत नाही, हे सगळं त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. ती त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तोंड मिटलं आणि मला म्हणाले, "तिकिटं फाडा. सहा."

फोटो पुन्हा वाघासमोर गेला. त्या पावसाळ्यात तिची मेंढरं नेहमीपेक्षा जास्त थांबली, पूर्वेला पाऊस नव्हता म्हणे. ती दर बाजाराला यायची, चवली ठेवायची, आत जाऊन त्या पिवळ्या कागदासमोर उभी राहायची. बाहेर पडताना साहेब तिला काही विचारत नसत. ती दिसली की ते छत्रीची मूठ न्याहाळू लागत आणि ती शेजारून निघून जाई.

मग एका बाजाराला ती त्यांच्या खुर्चीसमोर आपणहून थांबली. मी टेबलाशी चिठ्ठी लिहीत होतो.

"सायेब, तुमी मला इचारत न्हाई आता."

"काय विचारू, बाई?"

"काय बगितलं त्ये."

साहेबांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला, पण आवाज नेहमीचा नव्हता. "काय पाहिलंत?"

"आज वाईच दिसला," ती म्हणाली. "नाक दिसलं."

माझा टाक कागदावर तसाच टेकून राहिला आणि शाईचा थेंब पसरत गेला. सहा तलवारी म्हणणाऱ्या अंमलदाराला ज्यानं माघारी धाडलं होतं, राजघराण्याच्या कुऱ्हाडीला ज्यानं उसाचा कोयता म्हणून लिहायला लावलं होतं, तो माणूस त्या बाईच्या तोंडाकडे बघत होता. त्या कागदावर काय उरलं आहे ते त्यांनी रोज भिंगातून पाहिलं होतं.

"बरोबर," साहेब म्हणाले, आणि त्यांनी छत्री बाजूला घेतली.

ती चपला घालून मेंढरांकडे निघून गेली. पुढच्या आठवड्यात मळे रिकामे होते. ती पुन्हा आली नाही, निदान म्युझियम उघडं होतं तोवर तरी नाही. त्या बाजाराच्या दुसऱ्या दिवसापासून साहेबही दाराशी बसले नाहीत. खुर्ची आत कोपऱ्यात गेली आणि माणसं दहा मिनिटांत आत जाऊन बाहेर येऊ लागली.

ती गेली त्या संध्याकाळी, साहेब घरी गेल्यावर, मी खिशातून एक चवली काढून पेटीत टाकली, माझं मीच तिकीट फाडलं आणि तिसऱ्या दालनात जाऊन त्या फोटोसमोर उभा राहिलो. अंधार पडेपर्यंत उभा होतो. मला काही दिसलं नाही.